मुलांचें उच्च शिक्षण आणि शेतकऱ्याचा जमाखर्च

मृगाचा पाऊस पडून चाड्यावर मूठ धरण्याची वेळ येते, आणि त्याच सुमारास बारावी उत्तीर्ण झालेल्या मुलाच्या महाविद्यालयाची फी भरण्याची तारीख लागते. बी, खत व मजुरी यांत हातचा पैसा गेलेला असतो. सोयाबीन घरांत यावयास दसरा-दिवाळी उजाडते, आणि उंसाचें बिल त्याहूनही लांबणीवर असतें. नोकरदाराचा पगार दरमहा येतो, शेतकऱ्याचें उत्पन्न हंगामानें येतें; परंतु महाविद्यालय हंगाम जाणत नाहीं. आमच्या अडचणीचें मूळ पुष्कळदां या वेळेच्या विसंगतींत असतें, आणि अशा वेळीं घाईनें काढलेलें कर्ज फीपेक्षां महाग पडतें.

आम्हीं महसूल खात्यांत तीस वर्षें कारकुनी केली. सात-बाराच्या उताऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना ज्यास वाचतां येतो, त्यास घरची हकीकत विचारावी लागत नाहीं. कोठें विहिरीचा बोजा, कोठें ट्रॅक्टरचा. आणि कांहीं ठिकाणीं थोरल्या मुलाच्या प्रवेशाच्या वर्षींच झालेल्या खरेदीखताचा फेरफार. मुलगा शिकला ही आनंदाची गोष्ट खरी. पण ज्या एकराच्या पिकावर धाकट्या भावंडांचें शिक्षण व्हावयाचें होतें, तो एकर पुन्हां घरीं आला नाहीं. म्हणून हा प्रश्न आमच्या शेतकरी बंधूंनीं वही समोर ठेवून सोडवावा, एवढ्यासाठीं हा लेख.

प्रश्न नवा नाहीं. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ सालापासून कोल्हापुरांत निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांस आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. वसतिगृहांतील मुलांच्या पोटासाठीं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने मोडले. आणि १९४७ सालीं साताऱ्यास निघालेल्या छत्रपति शिवाजी कॉलेजांत ‘कमवा व शिका’ हा पाठ घातला गेला. या थोर मंडळींनीं वसतिगृहांवर एवढा भर कां दिला, याचा विचार करावा. खेड्यांतील मुलास फीइतकेंच, किंबहुना फीपेक्षांही, शहरांतील राहणें-जेवणें जड जातें, हें त्यांनीं ओळखलें होतें. समजा, फी वर्षास ४०,००० रुपये आणि खोली व खाणावळ मिळून महिना ६,००० रुपये. तर दहा महिन्यांत राहण्या-जेवण्याचेच ६०,००० होतात. म्हणून महाविद्यालयाचें नांव पाहतांना तेथील वसतिगृहांत जागा मिळेल कीं नाहीं, आणि ‘कमवा व शिका’सारखी सोय आहे कीं नाहीं, हें आधीं विचारावें.

आतां सरकारी साहाय्याविषयीं. राजर्षि छत्रपति शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ति योजनेंत, कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास, पात्र विद्यार्थ्याच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिकवणी-फीचा निम्मा भार सरकार उचलतें. मुलींसाठीं याहून मोठी गोष्ट घडली आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानें, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील त्याच उत्पन्नमर्यादेच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा यांची पूर्ण फी सरकार देतें. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठीं आहे. अनुसूचित जाति-जमातींच्या विद्यार्थ्यांस भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ति आहे.

येथें एक गोष्ट ठळकपणें सांगावयाची. फीच्या या सवलती केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेंतून मिळालेल्या जागेस लागू आहेत. व्यवस्थापन कोट्यांतील जागेसाठीं जमीन विकणारा गृहस्थ दोनदां बुडतो: एकदां वरची रक्कम देऊन, आणि दुसऱ्यांदा हक्काची सवलत गमावून. दोन गुण कमी पडल्यामुळें दुसरें महाविद्यालय मिळालें तरी तें पत्करावें, हें आमचें स्पष्ट मत आहे.

सवलत असून ती न मिळण्याचें कारण बहुधा कागदांत असतें. आजोबा वारून दहा वर्षें झालीं, पण वारसनोंद केलेली नाहीं. मग जमीन बापाच्या नांवावर दिसत नाहीं, आणि अल्पभूधारकाचा दाखला अडतो. शाळेच्या दाखल्यावर एक नांव, आधारावर दुसरें. बँकेचें खातें आधाराशीं जोडलेलें नाहीं. हे घोळ जुलैंत निस्तरत नाहींत. मुलगा अकरावींत असतांनाच वारसनोंद करून घ्यावी, आणि बारावीचा निकाल लागण्यापूर्वीं, एप्रिल-मे महिन्यांत, सात-बारा, आठ-अ, अधिवास व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा. उत्पन्न कमी दाखवून घेण्याच्या मोहांत पडूं नये. खोटा दाखला उघडकीस आला तर घेतलेली रक्कम परत द्यावी लागते, आणि मुलाच्या नांवास डाग लागतो तो वेगळाच. महाडीबीटीवरील अर्ज दरवर्षीं नवा करावा लागतो, हेंही पुष्कळजण विसरतात.

एवढें करूनही तूट राहिली, तर शैक्षणिक कर्ज काढावें. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेंत ४ लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाहीं, आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर वर्षभरानें सुरू होते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें मंजूर केलेल्या पी. एम. विद्यालक्ष्मी योजनेंत निवडक उत्तम संस्थांत प्रवेश मिळालेल्यांस तारण व जामीन यांवांचून कर्जाची तरतूद आहे. मात्र व्याज झोंपत नाहीं. समजा, दरसाल १ लाख याप्रमाणें चार वर्षें कर्ज घेतलें आणि शेंकडा १० दरानें सरळ व्याज धरलें, तर पांचव्या वर्षाअखेर व्याजाचेच १,४०,००० रुपये होतात, आणि तें मुद्दलांत मिळालें कीं त्यावरही व्याज चालूं लागतें. पीक विकून पैसा येईल तेव्हां त्या वर्षाचें व्याज भरीत गेल्यास हा डोंगर वाढत नाहीं.

पीककर्ज मात्र फीकडे वळवूं नये. तें मुदतींत फिटलें नाहीं तर व्याजाची सवलत जाते, आणि पुढच्या हंगामास सोसायटीचें दार बंद होतें. परवाना नसलेल्या सावकारास जमीन लिहून देणें तर सर्वांत घातक. तशी जमीन कोणाची गेली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्यान्वयें सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे दाद मागतां येते.

स्वस्त मार्गही आहेत, आणि त्यांत कमीपणा नाहीं. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास थेट जातां येतें. मध्येंच नोकरी धरावी लागली तरी हातीं विद्या असते. नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालीं निघालें तें घरचें काम सांभाळून शिकणारांसाठींच. ज्यांची मुलें अद्याप लहान आहेत त्यांनीं प्रत्येक पिकाच्या पट्टींतून, घरखर्चास हात घालण्यापूर्वीं, ठराविक भाग वेगळ्या खात्यांत ठेवावा. दहा वर्षांच्या आंतील मुलीसाठीं टपाल कचेरींत सुकन्या समृद्धि खातें उघडतां येतें. तिचें वय अठरा झाल्यावर अथवा ती दहावी झाल्यावर शिल्लकेपैकीं निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठीं काढतां येते.

शेवटीं मुलीविषयीं दोन शब्द. ओढगस्तींत प्रथम मुलीचें शिक्षण थांबवावयाचें, ही आपल्या घरांची जुनी रीत. आजच्या हिशेबानें ती रीत तोट्याची आहे. जिची फी सरकार भरतें तिला घरीं बसवावयाचें, आणि मुलाच्या कोट्याच्या जागेसाठीं एकर विकावयाचा, हा व्यवहार कोणत्याही वहींत जुळणार नाहीं.

येत्या पंधरवड्यांत प्रत्येकानें आपला आठ-अ उतारा काढून त्यावरील नांवें वाचावींत. तेथें वारलेल्या माणसाचें नांव दिसलें, तर मुलाच्या शिक्षणाची तयारी तलाठ्याच्या कचेरींतून सुरू करावी.