परिचालन प्रणालीच्या गाभ्याची कार्यमान चाचणी

परिचालन प्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, लागोपाठच्या आवृत्त्या ठरावीक कामे किती वेगाने करतात हे मोजून त्यांची तुलना करण्याच्या पद्धतीस कार्यमान चाचणी म्हणतात. तिला बेंचमार्क ही संज्ञाही रूढ आहे. फाईल वाचणे, स्मृती मिळविणे, नवी प्रक्रिया सुरू करणे इ. कामांसाठी प्रत्येक कार्यक्रमास गाभ्याकडे मागणी करावी लागते. अशा मागण्या सेकंदास लक्षावधी असू शकतात. त्यामुळे तेथील अत्यल्प विलंबही साचत जाऊन जाणवू लागतो.

महासंगणकांच्या क्रमवारीशी या चाचणीची गल्लत करू नये. पुणे येथील ‘एका’ या महासंगणकाने नोव्हेंबर २००७ मध्ये ११७.९ टेराफ्लॉप वेग दाखवून जगात चौथे स्थान मिळविले, ते लिनपॅक या कसोटीवर. ती मुख्यत्वे अंकगणिती क्रियांची कसोटी असून तीत गाभ्याचा वाटा थोडा असतो.

गाभ्याच्या चाचण्या दोन प्रकारच्या आहेत. लॅरी मॅक्व्हॉय व कार्ल स्टेलिन यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या एल्‌एम्‌बेंचसारख्या सूक्ष्म चाचण्या एकेक क्रिया सुटी करून मोजतात. पीजीबेंचसारख्या समग्र चाचण्या माहितीसंचयावरील प्रत्यक्ष कामाचा भार घालतात. दोन्ही प्रकारांत यंत्र, संकलक व जुळणी तीच ठेवून फक्त आवृत्ती बदलावयाची आणि मापन अनेकदा करावयाचे असते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या संस्थांत कापसाचे नवे वाण प्रचलित वाणाशेजारी, त्याच जमिनीत, पुनरावृत्तींसह पेरून पाहतात. त्यामागील तत्त्व हेच होय.

लिनक्सच्या ३.६ या आवृत्तीची पूर्वतयारी चालू असता २०१२ मध्ये पीजीबेंचचा वेग सु. २० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. बदलांची मालिका वारंवार निम्मी करीत शोध घेतल्यावर कार्यनियोजकातील एक सुधारणा दोषी ठरली व ती मागे घेण्यात आली. या द्विभाजन पद्धतीने दहा हजार बदलांतील एक दोषी बदल सु. चौदा चाचण्यांत हाती लागतो.

सर्वच मंदी मात्र दोषामुळे येत नाही. टोराँटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये लिनक्सच्या ३.० ते ४.२० या आवृत्त्या तपासल्या, तेव्हा बहुतेक मूलभूत क्रिया मंदावल्याचे दिसून आले. त्यांनी याची अकरा मूळ कारणे दाखविली. काही नव्या सुविधांमुळे, तर काही निव्वळ चुकीच्या जुळणीमुळे उद्‌भवली होती. विकासकाळातील तपासणीसाठीचा एक पर्याय वितरित गाभ्यांत चुकून चालूच राहिला होता. उरलेली कारणे सुरक्षिततेची होती. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा प्रक्रियकांतील दोष उघड झाल्यावर गाभ्याची व कार्यक्रमांची स्मृतिकोष्टके वेगळी करणारी तरतूद ४.१५ या आवृत्तीत आली. तिने प्रत्येक मागणीचा खर्च वाढविला. केवळ आकडे पाहून एखाद्या बँकेने वा रुग्णालयाने ही तरतूद बंद केली, तर मिळालेल्या वेगाची किंमत ग्राहकांची वा रुग्णांची गुप्त माहिती ही असू शकते.

वाढीचे आकडेही फसवे असू शकतात. इंटेलच्या स्वयंचलित चाचणी यंत्रणेने २०२४ मध्ये एका बदलामुळे ३,८८८.९ टक्के वाढ नोंदविली. वस्तुतः स्मृतिखंडांच्या मांडणीत आधीच्या एका बदलाने आणलेली अडचण येथे दूर झाली होती, आणि एवढी वाढ त्या एका सूक्ष्म चाचणीपुरतीच होती.