आठवणीतली मालिका आणि तिचे हरवलेले नाव

पुण्यातील अनेक घरांत रात्रीची जेवणे आटोपली की गप्पांच्या ओघात एक प्रश्न हमखास निघतो. “ती पोलीस तपासाची मराठी मालिका कोणती रे? शिवाजी साटम होते तिच्यात.” नातू मोबाईल चाळून सांगतो, “आजोबा, ती सी.आय.डी., आणि ती हिंदी आहे.” आजोबा मान हलवतात. “ती नव्हे, तिच्या आधीची.” नातवाला वाटते, वयोमानाने विसर पडला.

वस्तुतः आजोबांचेच खरे असते. सी.आय.डी. १९९८ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच साटम यांना मराठी प्रेक्षकांनी ‘एक शून्य शून्य’ या दूरदर्शन मालिकेत पोलिसाच्या भूमिकेत पाहिले होते. शंभर हा पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक. मालिकेचे नाव त्यावरूनच आले. अर्धवट आठवण म्हणजे चुकीची आठवण नव्हे, हे येथे ध्यानात येते.

अशा आठवणीचा माग काढणे हे जुन्या खात्याचा ताळा जुळवण्यासारखे असते. प्रथम काळ ठरवावा. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण व दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आले. १९८४ मध्ये ‘हम लोग’ सुरू झाली. आठवणीतली मालिका तिच्या आधीची की नंतरची, एवढे ठरले तरी शोधाचा परीघ लहान होतो. केवळ ‘चित्र कृष्णधवल होते’ या पुराव्यावर मात्र विसंबू नये. अनेक घरांत रंगीत संच पुष्कळ उशिरा आले. त्यापेक्षा मालिका शेजाऱ्यांकडे पाहिली की स्वतःच्या घरी, त्या वर्षी कोणाचे लग्न झाले, कोण दहावीला होते, हे विचारावे. नंतर कलावंत आणि मूळ कथा पाहाव्यात. दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे ही जोडी आठवली, तर ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ आणि चिं. वि. जोशी यांचे साहित्य आपोआप हाती येते.

तरीही काही शोध अपुरेच राहतात. त्या काळी चित्रफिती महाग होत्या; जुने कार्यक्रम पुसून त्यांवर नवे मुद्रित केले जात. लंडनच्या बीबीसीतही हेच घडले. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे १९६०च्या दशकातील कित्येक भाग नष्ट झाले. मात्र काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर त्यांचा आवाज टिपून ठेवला होता, म्हणून निदान संवाद उरले. २०१३ मध्ये तिचे नऊ भाग दूरच्या नायजेरियात सापडले.

आपल्याकडील पुष्कळ कार्यक्रमांचा आज एकच साठा शिल्लक आहे, तो म्हणजे ज्येष्ठांची स्मृती. तोही दिवसेंदिवस क्षीण होत आहे. म्हणून पुढच्या वेळी आजीने “ती मालिका कोणती रे?” असे विचारले, तर मोबाईलआधी वही उघडावी. नाव सापडले नाही, तरी तिने सांगितलेली गोष्ट तारीख घालून लिहून ठेवावी. त्या मालिकेची कदाचित तेवढीच प्रत उरलेली असेल.