सर्पदंशाची शंका व शिक्षकांचे कर्तव्य

पावसाळा सुरू झाला की शाळाभेटीच्या वेळी मी शिक्षक बंधुभगिनींना एक प्रश्न हटकून विचारतो. एखाद्या मुलाने येऊन ‘गुरुजी, पायाला काहीतरी चावले’ असे सांगितले, तर आपण प्रथम काय कराल? बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते, ‘खरोखरीच साप होता काय, ते आधी पाहू.’ उत्तर स्वाभाविक आहे. परंतु या शोधात जो वेळ जातो तोच मुलाच्या जिवावर बेततो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळातील वायनाड जिल्ह्यात पाचवीतील एका मुलीला भर वर्गात साप चावला. वर्गाच्या जमिनीलगत पडलेल्या भोकात तो होता. तिला रुग्णालयात नेण्यास शाळेकडून विलंब झाला, अशी तक्रार पुढे तिच्या वर्गमित्रांनीच केली. ती मुलगी वाचली नाही. यातील भोक आणि विलंब या दोन्ही गोष्टी आपल्या कोणत्याही शाळेत संभवतात, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले.

आपल्याकडे प्रामुख्याने चार सापांच्या विषाने माणसे दगावतात : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नाहीशी होते. दंशाची जागा सुजते, हिरड्यांतून किंवा लघवीवाटे रक्त जाऊ लागते. कोकणात फुरशाचा उपद्रव विशेष. नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते आणि अखेरीस श्वासोच्छ्वासाचे स्नायू थकतात.

यांपैकी मण्यारीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. ती रात्री हिंडते व जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच दंश करते. तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा खूण दिसत नाही, सूज येत नाही, वेदनाही जाणवत नाही. मूल पहाटे पोटदुखीने जागे होते, क्वचित उलटी करते, आणि घरचे लोक त्याला ‘शाळेत गेलास की बरे वाटेल’ म्हणून पाठवून देतात. म्हणजे दंश घरी आणि लक्षणे वर्गात, असा प्रकार घडतो.

शिक्षक असताना मी स्वतः येथे चुकलो आहे. पहिल्या तासालाच पोट दुखते म्हणणाऱ्या एका मुलास गणिताचा कंटाळा आला असावा, अशा समजुतीने मी व्हऱ्हांड्यात बसविले. अर्ध्या तासाने आहार शिजविणाऱ्या बाई धावत आल्या व म्हणाल्या, ‘गुरुजी, पोराच्या पापण्या वर होईनात, अन् थुंकीही गिळंना.’ मुलगा वाचला, पण त्याचे श्रेय त्या बाईंच्या नजरेला आहे. तेव्हापासून पावसाळ्यात सकाळी पोटदुखीची तक्रार आली, की मी प्रथम मुलाच्या पापण्या पाहतो, त्याला पाणी न देता नुसते गिळावयास सांगतो, दोन वाक्ये बोलावयास लावतो आणि रात्री कोठे निजला होतास, हे विचारतो. पापण्या जड, शब्द अडखळते किंवा दोन-दोन आकृती दिसत असतील, तर खूण शोधीत बसू नये.

आता प्रत्यक्ष कृती. मुलास आडवे करून धीर द्यावा. त्याला चालू देऊ नये, कारण स्नायूंच्या हालचालीने विष लवकर पसरते. अंगठी, बांगडी, पैंजण व घट्ट कपडे सूज येण्यापूर्वीच काढावे. मोडलेल्या हाडास बांधतो तशी पट्टी किंवा फळी लावून तो हात वा पाय स्थिर ठेवावा. आवळपट्टी मात्र बांधू नये. ‘वर दोरी बांधा’ हे आपण लहानपणी पाठ केले, कित्येकांनी मुलांनाही शिकविले. आज तो उपाय घातक ठरला आहे, कारण रक्तप्रवाह बंद पडून अवयव कुजू शकतो. जखमेवर चिरा देणे, विष चोखणे, बर्फ लावणे, मिरची किंवा कडुलिंब खावयास देणे हेही पूर्णपणे टाळावे.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. ती येण्यास वेळ असेल, तर गावातील जे वाहन मिळेल ते घ्यावे. मोटारसायकलच असेल, तर चालक व धरून बसणारा यांच्या मध्ये मुलास बसवावे. उलटी होत असल्यास डाव्या कुशीवर निजवावे, आणि श्वास थांबू लागल्यास ज्यास येत असेल त्याने कृत्रिम श्वासोच्छ्वास चालू ठेवावा. पालकांना निरोप पाठवावा, पण त्यांची वाट पाहत थांबू नये. साप मारून नेण्याची गरज नाही. आपल्याकडील प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार करतात व ते चारही सापांच्या विषावर एकत्रित चालते. दंशाची वेळ व लक्षणे दिसू लागल्याची वेळ तेवढी कागदावर लिहून द्यावी. डॉक्टरांस तिचा फार उपयोग होतो. रक्त गोठते की नाही, हे ते काचेच्या नळीत वीस मिनिटे ठेवून पाहतात.

येथे मांत्रिकाचा प्रश्न उभा राहतोच. गावकरी सांगतात, ‘त्याच्या हाताने इतके बरे झाले.’ ते खोटे बोलत नाहीत. धामण, दिवड, तस्कर असे पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. असे रुग्ण कोणत्याही मंत्राने, किंवा मंत्रावाचूनही, बरे होतात. हे पालकसभेत शांतपणे समजावून द्यावे. चेष्टा केल्यास लोक आपल्यापासून दंश लपवितात. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यांतील पुष्कळ मृत्यू खेड्यांत व रुग्णालयाबाहेर झाले.

मुले दंश लपवितात, तीही भीतीने. मैदानाच्या कुंपणापलीकडे चेंडू आणावयास गेल्याबद्दल छडी मिळणार असेल, तर तेथे काही चावल्याचे मूल सांगणार नाही. म्हणून ‘कोठेही गेला असाल तरी आधी सांगा, कोणी रागावणार नाही’ असे परिपाठाच्या वेळी महिन्यातून एकदा तरी सांगावे, आणि तो शब्द पाळावा.

शाळा उघडण्यापूर्वीच्या आठवड्यात भिंतींची भोके सिमेंटने बुजवावी. पोषण आहाराचा तांदूळ उंच फळीवर ठेवावा. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात व उंदरांमागे साप. सरपणाचा ढीग वर्गापासून दूर हलवावा. त्याच वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन प्रतिविष शिल्लक आहे काय व रात्री डॉक्टर असतात काय, याची चौकशी करावी. नसल्यास त्यापुढचे जवळचे रुग्णालय कोणते, तेथील दूरध्वनी क्रमांक व जाण्याची वाट मुख्याध्यापकांच्या टेबलाजवळ मोठ्या अक्षरांत लावून ठेवावी.