कुत्र्याला हाड हवं की चघळणं?

शिजवलेलं हाड कुत्र्याला घालू नये, हे आता बऱ्याच घरांत माहीत झालं आहे. का घालू नये, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं, आणि पुढचा घोळ तिथूनच सुरू होतो. हाडाचा साधारण दोन तृतीयांश भाग खनिजांचा असतो, उरलेला मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचा. खनिजं हाडाला टणक करतात, कोलॅजेन त्याला किंचित लवचीक ठेवतं. मटण शिजताना हे कोलॅजेन सुटून रश्श्यात उतरतं. पायाच्या सुपाला चिकटपणा येतो तो त्याचाच. मागं उरलेलं हाड ठिसूळ होतं, दाढेखाली त्याच्या टोकदार चिपा होतात आणि त्या टाळ्यात, घशात नाहीतर आतड्यात रुततात. पाकिटात मिळणारी, भाजून किंवा धुरी देऊन टिकाऊ केलेली हाडंही याला अपवाद नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१७ साली अशा हाडांबद्दल लोकांना सावध केलं, तेव्हा त्यांच्याकडे सुमारे ६८ तक्रारी आल्या होत्या आणि १५ कुत्री दगावल्याची नोंद होती. कोट्यवधी कुत्री पाळणाऱ्या देशात हा आकडा किरकोळ वाटेल, पण तो फक्त कुणीतरी आवर्जून कळवलेल्या घटनांचा आहे.

‘शिजवलेलं नको’ एवढंच डोक्यात राहिलं की कच्चं हाड, शिंग, खूर, नायलॉनचं हाड हे सगळं आपोआप चांगल्यात जमा होतं. ते फुटत नाही, महिनोन्‌महिने टिकतं, असं त्याचं कौतुकही पाकिटावर छापलेलं असतं. माझ्या मते त्याचा खरा दोष हाच आहे. कुत्रं चघळतं तेव्हा दात आणि वस्तू यांतलं एक काहीतरी झिजणार हे ठरलेलं असतं. वस्तू झिजत नसेल तर दात झिजतो, किंवा तडकतो. माणसाच्या दातावरचं एनॅमल अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असतं, कुत्र्याचं बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरही भरत नाही. शिवाय त्याचा जबडा आपल्यासारखा आडवा फिरत नाही. वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात. मांस कापायला ही रचना उत्तम, पण कापलीच जाणार नाही अशी वस्तू मध्ये आली की सगळा जोर वरच्या दाढेवर येतो आणि तिचा बाहेरचा पापुद्रा उभा तुटून पडतो. आतली नस उघडी पडली तरी कुत्रं जेवत राहतं, त्यामुळे घरच्यांना पत्ताच लागत नाही. कधीतरी डोळ्याखाली सूज येते, तेव्हा मुळाशी पू झालेला असतो आणि भूल देऊन दाढ काढणं किंवा रूट कॅनाल करणं एवढेच मार्ग उरतात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे निसर्गाचं. लांडगे हाडं फोडतातच की, गल्लीतली कुत्री खाटकाच्या दुकानासमोर जन्मभर हाडंच चघळतात, त्यांना काय होतं? पहिल्याचं उत्तर कवट्यांमध्ये सापडतं. आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांच्या २९ कवट्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ही जनावरं शिकारीवर जगतात, बिस्किटं खात नाहीत. तरीही त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचे दात तुटलेले निघाले आणि ४१ टक्क्यांना हिरड्यांचा रोग होता. निसर्गात दात तुटतात, फक्त ते बघायला तिथं कुणी नसतं. गल्लीतल्या कुत्र्यांचा दाखला तर त्याहून लंगडा आहे. पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांवर ठेवलेल्या पाळतीत, सात महिन्यांपर्यंत जेमतेम १९ टक्केच जगली. ती हाडांमुळे मेली असं नाही. बहुतेकांच्या मरणाला या ना त्या प्रकारे माणूसच कारण होता. पण आपण दाखला म्हणून ज्या कुत्र्याकडे बोट दाखवतो, ते वाचलेल्यांपैकी एक असतं, आणि त्याच्या तोंडात कुणी डोकावलेलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हाडानं दात स्वच्छ होतात. होतात, हे मान्य करायला हवं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी बीगल कुत्र्यांना गुरांची कच्ची हाडं दिली, तेव्हा वीस दिवसांत दातांवरचं किटण स्पष्टपणे घटलं. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. मात्र किटण घटलं ते दिसणाऱ्या दातावरचं. हिरडीचा रोग हिरडीच्या कडेखाली वाढतो आणि तो टाळायला ब्रश हाच भरवशाचा उपाय आहे. त्यात कच्च्या हाडाबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू घरात येऊ शकतात. कोंबडीची मान तर अगदी निरुपद्रवी समजली जाते, पण मेलबर्न विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात कच्च्या कोंबडीचा आणि कुत्र्यांचे पाय लुळे पडण्याच्या एका मज्जातंतूंच्या आजाराचा संबंध दिसला. धोका कुत्र्यापुरता थांबतही नाही. २०१९ साली अमेरिकेत कुत्र्यांसाठी विकल्या जाणाऱ्या डुकराच्या कानांमुळे १५४ माणसांना साल्मोनेलाची बाधा झाली. इंग्रजी व्हिडिओंमधला ‘कुत्र्याच्या तोंडापेक्षा मोठं हाड द्या’ हा सल्लाही आपल्याकडे फारसा लागू पडत नाही. इथं घरात येतं ते बोकडाचं मटण, खाटकानं सुऱ्यानं तोडलेलं; त्याच्या नळीचा तुकडा लॅब्रॅडोरसारखं कुत्रं सहज गिळू शकतं.

चघळण्याची गरज मात्र खरी आहे. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून सोफ्याचा पाय आणि चपला कुरतडल्या जातात. तेव्हा द्यायची वस्तू पारखायला पाकीट वाचण्यापेक्षा अंगठ्याचं नख बरं. नख दाबल्यावर खळगा पडला नाही, तर ती वस्तू दातासाठी टणक आहे. परदेशातले पशुदंतवैद्य गुडघ्याची परीक्षाही सांगतात: वस्तू स्वतःच्या गुडघ्यावर आपटून पाहावी, कळ आली तर कुत्र्याला देऊ नये. हिमालयातली छुर्पी, म्हणजे सध्या ‘याक च्यू’ म्हणून महाग विकलं जाणारं वाळवलेलं चीज, दुधाचं असूनही कोरडी असताना या परीक्षेत बहुधा नापास होते. रॉहाइड, म्हणजे चामड्याचा आतला थर, उलट भिजून मऊ होतो. पण त्याचा मोठा तुकडा पोटात सावकाश विरघळतो आणि वाटेत अडकू शकतो. दोरीच्या खेळण्यांचे सुटे धागे गिळले गेले तर आतडं चुण्या पडून गोळा होतं.

मग उरतं काय? पोकळ रबरी खेळणं, त्यात भिजवलेलं खाणं किंवा दही भरून गोठवलेलं; मोठं जाडसर गाजर; आणि ‘व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल’चा शिक्का असलेले, वजनानुसार निवडायचे च्यू. हा शिक्का किटण किंवा दातांवरचा थर कमी होण्याचा पुरावा पाहून मिळतो, टणकपणा तपासून नव्हे; त्यामुळे नखाची परीक्षा तिथंही चुकवू नये. वस्तू घशात जाणार नाही एवढी मोठी हवी, आणि झिजून लहान झाली की काढून घ्यायला हवी. काढून घेताना कुत्रं गुरगुरू नये म्हणून तिच्या बदल्यात खाऊ देण्याची सवय पिल्लूपणीच लावलेली बरी.

एवढं करूनही हाड गिळलं गेलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नये. टोकदार तुकडा परत वर येताना अन्ननलिका फाडू शकतो आणि मीठही बाधतं. कुत्रं वारंवार ओकारी काढत असेल, लाळ गाळत असेल, पोटाला हात लावू देत नसेल किंवा शीला जोर करूनही काही होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावं, आणि हाड कशाचं होतं, शिजवलेलं होतं का, किती वेळ झाला, हे त्यांना सांगावं.