अपत्यासह स्थलांतर, घटस्फोटोत्तर
घटस्फोटानंतर अपत्याच्या संगोपनात उभय पालकांचा वाटा ठरलेला असताना त्यांपैकी एकाने अपत्यास घेऊन परगावी वा परदेशी वास्तव्यास जाणे. नोकरी, माहेरचा आधार आणि पुनर्विवाह ही त्याची सामान्य कारणे होत.

भारतीय अधिनियमांत संयुक्त ताब्याची व्याख्या नाही. विधी आयोगाने २५७ व्या अहवालात (२०१५) त्याची शिफारस केली. व्यवहारात मात्र संमतीच्या अटींनी वा न्यायालयीन आदेशाने अशी व्यवस्था केली जाते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याच्या कलम २६ नुसार ताब्याचा आदेश परिस्थिती पालटल्यास बदलता येतो. पालक व पाल्य अधिनियम, १८९० याच्या कलम २६ प्रमाणे न्यायालयाने नेमलेल्या पालकास पाल्याला त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर नेण्यास सर्वसाधारणतः परवानगी लागते.

स्थलांतराने भेटीची मूळ व्यवस्थाच मोडते. उदा., मेहकर (जि. बुलढाणा) येथे उभयता राहत असून अपत्य दर रविवारी पित्याकडे जात असेल आणि मातेस पुण्यास नोकरी लागली, तर रविवारची अट पाळणे अशक्यप्राय होते. न विचारता निघून गेल्यास आदेशभंग घडतो. परंतु पित्याची हरकत म्हणजे मनाईही नव्हे. मातेने आदेशात बदल मागावयाचा असतो. अशा वेळी साप्ताहिक भेटींऐवजी दिवाळी व उन्हाळ्याच्या सुट्या, दूरध्वनीवरील नियमित संभाषण, शाळेच्या प्रगतीची माहिती आणि प्रवासखर्चाची वाटणी ठरविता येते.

विक्रम वीर व्होरा विरुद्ध शालिनी भल्ला (२०१०) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलाचे म्हणणे ऐकून मातेस त्याला ऑस्ट्रेलियास नेण्याची मुभा दिली व पित्याच्या भेटीचा हक्क राखला. २०२२ मध्ये पुण्याच्या कुटुंब न्यायालयाने नाकारलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने एका मातेस दिली. तिला पोलंडमध्ये नोकरीची संधी होती. नोकरी आणि मुलगी यांतून एकाची निवड करण्यास तिला भाग पाडता येणार नाही, असा निर्णयाचा आशय होता. सुटीत मुलीस भारतात आणून पित्यास भेटविण्याची अट मात्र घातली गेली.

आंतरराष्ट्रीय बालअपहरणविषयक हेग करारात (१९८०) भारत सहभागी नसल्याने परदेशगमनाच्या अटी काटेकोर असाव्या लागतात. अशा सर्व वादांत कोणत्याही पालकाचा हक्क निरपेक्ष नसतो. अपत्याचे कल्याण हाच अंतिम निकष होय आणि ते समंजस वयाचे असल्यास त्याची इच्छाही विचारात घेता येते.