जनसुनावणी : बोलायचं गावानं, ठरवायचं दिल्लीनं

नागपुरात ‘नीरी’ ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर अणुप्रकल्पाचा पर्यावरण परिणाम अहवाल याच संस्थेनं तयार केला.

• प्रकल्प : तेव्हाच्या आराखड्यात प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट.

• नियम : २००६च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार अशा प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत हवा. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी.

• मर्यादा : गणपूर्तीची अट नाही, मतदानही नाही. हरकती इतिवृत्तात नोंदवून ते सभेत वाचून दाखवायचं आणि पुढं पाठवायचं. गावाला नकाराधिकार नाही.

• घडलं काय : १६ मे २०१० रोजी प्रकल्पक्षेत्रातल्या माडबन गावात सुनावणी झाली. मराठी अहवाल वेळेत मिळाला नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. २८ नोव्हेंबरला तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ३५ अटींवर मंजुरी दिली. आठ दिवसांनी, ६ डिसेंबरला, फ्रान्सच्या ‘अरेवा’ या अणुऊर्जा कंपनीशी करार झाला.

• ध्यानात ठेवा : सुनावणीला जाता आलं नाही, तरी लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देता येते. पोच घ्यायला विसरू नका.