अण्वस्त्रमुक्ती आणि स्थानिक स्वराज्य संस्था

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार संरक्षण व अणुऊर्जा हे विषय केंद्र सूचीत येतात. त्यामुळे पेठ वडगावसारख्या शहराच्या नगरपरिषदेचा अण्वस्त्रांशी संबंध काय, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, अग्निशमन, दफनभूमी व स्मशानभूमी हे नागरी संस्थांचे विषय नमूद आहेत. अणुहल्ल्यात नेमक्या याच यंत्रणा कोलमडतात. ६ ऑगस्ट १९४५ च्या हल्ल्यात हिरोशिमाचे महापौर सेन्किची आवाया यांचाही मृत्यू झाला. वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे दगावली. त्याच शहराचे महापौर ताकेशी अराकी यांनी १९८२ मध्ये जगातील शहरांना अण्वस्त्रांविरुद्ध एकत्र येण्याचे आवाहन केले. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘मेयर्स फॉर पीस’ या संघटनेत आज ८,००० हून अधिक शहरे आहेत.

केवळ ठरावाने अस्त्रे नष्ट होत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. तथापि कोबेचे उदाहरण बोलके आहे. जपानमध्ये बंदरांचे व्यवस्थापन प्रामुख्याने स्थानिक संस्थांकडे असते. कोबेच्या नगरसभेने १८ मार्च १९७५ रोजी अण्वस्त्रवाहू जहाजांना प्रवेश नाकारणारा ठराव केला आणि परदेशी युद्धनौकांकडून अण्वस्त्रे नसल्याचे प्रमाणपत्र मागण्यास सुरुवात झाली. जहाजावर अण्वस्त्रे आहेत की नाहीत, हे न सांगण्याचे अमेरिकेचे धोरण असल्याने तिच्या युद्धनौका त्यानंतर अनेक दशके तेथे आल्या नाहीत.

सारांश, ठराव संस्थेच्या स्वतःच्या कर्तव्याशी जोडला गेला, तरच त्याला वजन येते. पेठ वडगावला बंदर नाही. परंतु ज्या संकटात आपल्या सर्व सेवा निष्फळ ठरतील, त्याविषयी शासनापुढे मत मांडण्याचा नैतिक आधार प्रत्येक नगरपरिषदेला आहे.